हाली, कलदार आणि युरो

युरोपच्या चलन-ऐक्याची चर्चा आपल्याकडे बहुधा अर्थशास्त्राच्या वर्गातच होते. मराठवाड्याचा इतिहास वाचणाऱ्याला मात्र ती परकी वाटू नये. निजामाच्या राज्यात दोन रुपये वावरत होते : संस्थानचा ‘हाली’ आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा ‘कलदार’. सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदारांसाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. १९१८ पासून निजामाने कागदी नोटाही काढल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत छापलेली असे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात मात्र शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. नोटेवर मिळालेल्या ह्या जागेने मराठी प्रजा संस्थानशी बांधली गेली नाही, हे पुढील इतिहासाने दाखवलेच.

चलन हा सार्वभौमत्वाचा दावा असतो, हे १९४७ च्या अखेरीस उघड झाले. २९ नोव्हेंबरला भारताशी ‘जैसे थे’ करार झाला आणि लगोलग हैदराबाद सरकारने वटहुकमाने भारतीय चलनाची आपल्या हद्दीतील कायदेशीर मान्यता काढून घेतली. पुढच्याच जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली. लढ्याला पैसा हवा होता, आणि तो निजामाच्याच तिजोरीतून यावा ह्यात एक प्रकारचा न्यायही त्यांना दिसला असावा.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट गेली. हाली मात्र गेला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच्या जोडीला आला, १९५१ पासून नवा हाली निघेनासा झाला आणि तो पुरता रद्द झाला १९५९ साली. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचीच भाषावार वाटणी होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. राज्य आधी नाहीसे झाले, त्याचे नाणे मागाहून.

युरोपात क्रम नेमका उलटा. १९९२ चा मास्त्रिख्त करार, १९९९ साली हिशेबात आलेला युरो, आणि १ जानेवारी २००२ पासून बारा देशांच्या बाजारात त्याच्या नोटा. काही आठवड्यांतच मार्क, फ्रँक, द्राख्मा व्यवहारातून गेले. समाईक कोषागार मात्र झाले नाही. पहिल्या नोटांवरचे पूल आणि कमानीदेखील कोणत्याही खऱ्या गावातल्या नव्हत्या. एका देशाची वास्तू घ्यावी तर दुसरा रुसायचा! नाण्यावर चारमिनार उमटवणाऱ्या निजामाला हा पेच पडला नव्हता. २०१० पासून ग्रीसचे कर्जसंकट चिघळले, तेव्हा ‘त्यांचे कर्ज आम्ही का फेडावे?’ असा प्रश्न जर्मनीत उघडपणे विचारला गेला. जुलै २०१५ च्या सार्वमतात ग्रीक जनतेने धनकोंच्या अटी फेटाळल्या. आठवडाभरातच तिच्या सरकारला तशाच अटी पत्कराव्या लागल्या.

मराठवाड्याची तक्रारही जुनीच आहे. १९५३ च्या नागपूर कराराने समतोल विकासाचे आश्वासन दिले, १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. पण ही तक्रार घरातली आहे. ती ज्या विधानसभेत मांडायची, तिथे मराठवाड्याचे आमदार बसतात, प्रसंगी मुख्यमंत्रीही होतात. अथेन्सच्या मतदाराला बर्लिनच्या संसदेत असा प्रवेश नाही. भाषेमुळे हे सारे साधले, असे मात्र मी म्हणणार नाही. एकच भाषा असूनही विदर्भात वेगळ्या राज्याची मागणी टिकून आहे, आणि विकास मंडळांची मुदत २०२० मध्ये संपली तेव्हा अनुशेष काही संपला नव्हता.