डोजर गुरगुरतो, पण ढकलत नाही? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा

नागपूर : उमरेड, कुही, भिवापूर भागात जमीन सपाट करायला, बांध टाकायला जुने चेन डोजर तासाच्या भाड्याने येतात. बीईएमएलने जपानच्या कोमात्सूच्या तंत्रज्ञानावर बनवलेले डी-५० आणि डी-८० ही त्यातली ओळखीची नावं. क्लच घसरत असेल तर डिझेल जळते, तास भरतात, माती मात्र तिथेच. मालकाचे नुकसान वेगळे. घाईत गिअरबॉक्स खोलला जातो आणि दोष निघतो क्लचमध्ये.

आधी कान द्या. ब्लेडवर माती चढताच इंजिनाचा आवाज दबला, काळा धूर निघाला, तर एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बघा. चेनमध्ये काळी माती वाळून ती ताठ झाली असेल तरी इंजिनावर असाच जोर येतो. पण इंजिन जोमात फिरतंय आणि चेन थांबली, तर ताकद मध्येच घसरते आहे.

आता खरा प्रश्न : एक चेन थांबते की दोन्ही? इंजिनाची ताकद मेन क्लच आणि गिअरबॉक्समधून मागच्या बेव्हल गिअरवर येते, तिथून डावी-उजवीकडे वाटली जाते. ट्रॅक्टरसारखा डिफरन्शियल या डोजरमध्ये नसतो. प्रत्येक बाजूला स्वतंत्र स्टिअरिंग क्लच, ब्रेक आणि फायनल ड्राइव्ह असतो. म्हणून एकच चेन अडत असेल तर गिअरबॉक्सला हात लावू नका. लोडवर डोजर ज्या बाजूला वळतो, त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच आधी तपासा. लिव्हरला थोडा मोकळा खेळ हवा. तो नसेल तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेटा जळतात. खेळ बरोबर आहे, पण कटकट आवाज येतो, तर फायनल ड्राइव्हचं ऑइल काढून बघा. चकचकीत लोखंडी कण निघाले तर गिअर किंवा बेअरिंग गेलं.

दोन्ही चेन थांबत असतील तर कडक बांधाला ब्लेड टेकवा, वरचा गिअर टाका आणि क्लच लावा. इंजिन बंद पडलं तर मेन क्लच ठीक. चालूच राहिलं तर घसरतोय. दोन-तीन सेकंदांत क्लच सोडा. मशीनच्या पुढे-मागे कुणी नको. हाताच्या लिव्हरचा क्लच ‘खट्’ करून बसायला हवा, मऊ गेला तर आधी अ‍ॅडजस्टमेंट. टॉर्क कन्व्हर्टरच्या मशीनला ही चाचणी लागू नाही. तिथे ऑइलची पातळी आणि फिल्टर बघा. सकाळी ठीक, तापल्यावर ढिला, असं असेल तर ऑइलच्या प्रेशरवर संशय घ्या.

कोरड्या स्टिअरिंग क्लचच्या मशीनला खाली ड्रेन प्लग असतो. तो खोलल्यावर ऑइल आलं तर सील गळतं आहे, प्लेटा भिजल्या आहेत. रॉकेलने धुऊन काही दिवस काम निघतं (पेट्रोल कधीच नको), पण सील बदलल्याशिवाय पुन्हा तेच. पाणी आलं तर गंज. पावसाळाभर उभ्या मशीनच्या प्लेटा चिकटतात, मग लिव्हर ओढूनही डोजर वळत नाही. लिव्हर ओढल्यावर चेन सुटते, पण ब्रेक दाबूनही डोजर जागेवर फिरत नाही, तर ब्रेक बँड झिजला आहे.