पदविका, पदवी आणि आपल्या मुली

"सर, जी.एन.एम. करू की बी.एस्सी. नर्सिंग?" घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात येणाऱ्या एका मुलीने बारावीच्या निकालानंतर मला विचारले. एक 3 वर्षांची पदविका, दुसरी 4 वर्षांची पदवी. फरक एका वर्षाचाच दिसतो. पण त्यामागचा इतिहास पाहिल्यावाचून उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

1946 साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशात सुमारे 7,000 परिचारिका होत्या. 43,000 माणसांमागे एक. समितीने परिचारिकांच्या दोन श्रेणी सुचविल्या: मॅट्रिक झालेल्यांची वरची, त्याहून कमी शिकलेल्यांची खालची. शिवाय पदवी वेगळी. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे पदवीचे वर्ग निघाले. मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय 1964 साली.

त्या काळी दलित वस्तीत मॅट्रिक झालेली मुलगी किती घरांत होती? आणि सेवेचा अनुभव तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांचा! अनेक गावांत सुईणपण अस्पृश्य गणलेल्या जातींतील बायकांकडे होते. ज्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या हातांनी नाळ कापलेली चालत होती. त्या हातांना प्रमाणपत्र देण्याची वेळ आली तेव्हा मात्र शाळेचा दाखला मागितला गेला.

पुढे आपल्या मुली शिकल्या आणि बहुधा पदविकेकडे वळल्या. बुद्धी कमी म्हणून नव्हे. सरकारी व महापालिकेच्या रुग्णालयांतील परिचर्या शाळांत वसतिगृह होते, विद्यावेतन होते. त्या बदल्यात शिकाऊ मुलगी वॉर्डात राबत होती, हेही सांगितले पाहिजे.

दोघीही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करतात, एकाच वॉर्डात रात्रपाळी करतात. फाटा पुढे फुटतो. एम.एस्सी. करून परिचर्या महाविद्यालयात शिकवायचे, तर पदवी हवी. पदविकावालीला त्यासाठी आणखी 2 वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावी लागते. 3 आणि 2 मिळून 5 वर्षे. ज्यांना 4 वर्षांची फी झेपत नाही, त्यांनाच पदवी 5 वर्षांनी मिळते!

माझी थोरली बहीण मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात आहे. पोस्ट बेसिकसाठी तिने दोनदा रजा मागितली. दोन्ही वेळा "माणसे कमी आहेत" हेच उत्तर. माझी महाविद्यालयाची फी तिच्या पगारातून गेली आहे. हे लिहिताना हात जड होतो.

आणि त्या मुलीचे? पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागते. तिने कला शाखा घेतलेली. विज्ञानाची शिकवणी परवडणार नाही, हा निर्णय घरात दहावीच्या निकालादिवशीच झाला होता. तिचा प्रश्न माझ्यापर्यंत पोचला तोच 2 वर्षे उशिरा. मी तिला सरकारी शाळेतील जी.एन.एम.चा अर्ज भरायला सांगितले, आणि नोकरी लागताच पोस्ट बेसिकच्या रजेचे नियम लेखी मागून घे, असेही बजावले. आता दहावीची परीक्षा संपली की आम्ही दोघे-तिघे शिक्षक वस्तीतल्या घरोघरी जातो. अकरावीचे अर्ज भरण्याआधी.