मनोरीची खाडी, डोल आणि प्लास्टिक

समुद्रातल्या प्लास्टिकचा विषय निघाला की पॅसिफिकमधल्या कचऱ्याच्या पट्ट्याचे नाव हमखास येते. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मनोरीत इतक्या लांब जायचे कारण नाही. इथे प्लास्टिक येण्याची वाट उघड्या डोळ्यांना दिसते. दहिसर आणि पोईसर या नद्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावतात, बोरिवली-कांदिवलीच्या दाट वस्तीतून नाल्यासारख्या वाहतात आणि मार्वे-मनोरीच्या खाडीकडे उतरतात. वाटेत काठावर पडलेले सारे पहिल्या मोठ्या पावसात खाडीत पोहोचते.

पोहोचले म्हणजे समुद्रात गेले, असे मात्र होत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. ओहोटीने बाहेर नेलेल्या पिशव्यांपैकी कित्येक पुढची भरती परत आत आणते. या येरझाऱ्यांत प्लास्टिक उन्हात तापते, वाळूवर घासते आणि त्याचे तुकडे पडतात. पदार्थ तोच, पण त्याला गिळू शकणाऱ्या जिवांची यादी लांबत जाते.

कोणता तुकडा कुठे जाईल हे घनता ठरवते. समुद्राच्या पाण्याची घनता घन सेंटीमीटरला साधारण १.०२५ ग्रॅम. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन त्याहून हलके, म्हणून पिशव्या आणि झाकणे तरंगतात. बाटलीचे पीईटी सुमारे १.३८ आणि जाळ्याचे नायलॉन १.१४, म्हणून त्यांचे तुकडे तळाला बसतात. तरंगणाऱ्या पिशवीवरही शेवाळ आणि बारीक जीव वाढले की ती जड होऊन खाली जाते. वरून स्वच्छ दिसणारी खाडी तळाशीही स्वच्छ असेल, असे म्हणूनच धरून चालता येत नाही.

डोल ही या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी. खुंटांना बांधलेले हे लांब, निमुळते जाळे माशामागे धावत नाही. ते प्रवाहाकडे तोंड करून उभे राहते आणि प्रवाह आणील ते खोल्यात, म्हणजे शेपटाकडच्या बारीक आसाच्या (छिद्रांच्या) भागात, साठते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा हे सारे या पद्धतीने मिळते. प्लास्टिकही त्याच प्रवाहावर येते, त्यामुळे डोल त्याला चुकवू शकत नाही. पिशव्या आतून आसांना चिकटल्या की पाणी आरपार जात नाही, ताण वाढतो आणि जाळे फाटते. किनाऱ्यावर निवडायचे काम त्याहून किचकट. जवळ्याचा एक जीव जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरांचा, आणि शाम्पूच्या पुडीचा फाडून टाकलेला कोपराही तेवढाच. तो बोटांनीच वेचावा लागतो. शहराने फेकलेला कचरा वेचण्याची ही मजुरी कोळणींना कोणी देत नाही, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

वेचता येत नाही त्याचे काय? वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी जुहू, वर्सोवा, दादर आणि मनोरीच्या दक्षिणेचा आक्सा या किनाऱ्यांची वाळू तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चौरस मीटरमागे प्लास्टिकचे सरासरी सुमारे ६९ तुकडे आढळले आणि त्यांतले ४० टक्क्यांहून अधिक १ ते ५ मिलिमीटरचे होते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागातल्या बोंबलांच्या पोटात सूक्ष्मप्लास्टिक सापडल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. बोंबील जवळा खातो. मोठा मासा आपण पोट काढून शिजवतो, सुका जवळा मात्र अख्खा खातो.

कांदळवनातली हानी वेगळी आहे. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात आणि त्यांवरच्या छिद्रांतून हवा घेतात. त्यांवर पिशव्यांचा थर बसला की झाड गुदमरते आणि त्याच्या आधाराने वाढणारी माशांची पिलेही आसरा गमावतात. कासवांना असलेला धोका सर्वांना ठाऊक आहे: पाण्यातली पिशवी जेलीफिशसारखी दिसते.

कायदे झाले. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली, २०१८ साली ती व्यापक केली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली. परंतु वेफर्सचे पाकीट आणि शाम्पूची पुडी या बंद्यांतून सुटली, कारण ते कारखान्यातच झालेले वेष्टन. किनारा-सफाई मोलाची आहे, तरी ती प्लास्टिक फुटू लागल्यानंतर होते. अडवायची जागा नाल्यावर, भरतीचे पाणी पोहोचते त्या टोकाच्या वर आहे. तिथे कचऱ्याची दिशा एकच असते, आणि अडसरापाशी साचलेले रोज उचलले तर ते खाडीत येतच नाही.

खाडीत आधीच असलेल्यासाठी केरळचे उदाहरण आहे. कोल्लमजवळच्या नीनदकरा बंदरात २०१७ पासून मच्छीमार जाळ्यात आलेले प्लास्टिक समुद्रात परत न टाकता किनाऱ्यावर आणू लागले आणि ते रस्ते बांधण्यासाठी वापरले गेले. मनोरीत हेच करताना खोल्यातले प्लास्टिक धक्क्यावर तोलून घ्यावे, त्याचे पैसे मच्छीमाराला द्यावेत आणि वजनाची नोंद तिथीप्रमाणे ठेवावी. उधाणाच्या आणि भांगाच्या (सौम्य भरतीच्या), पावसाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी मांडल्या, की नाल्यावरचा अडसर किती कचरा थांबवतो हे वजनातच कळेल.