विळा, भात आणि हिवताप

गोंदिया जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाची साधने कोणती, असे विचारले तर गॅझेटियर, मालगुजारीची दप्तरे, नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींची परंपरा अशी यादी सहज निघते. तिच्यात रक्ताचा एक थेंबही धरायला हवा. पूर्व विदर्भातील गोंड, परधान, महार आणि इतर काही समाजांत सिकलसेलचे जनुक लक्षणीय प्रमाणात आढळते. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईवडील दोघांकडून हे जनुक आले, तर रक्तक्षय आणि असह्य वेदना वाट्याला येतात. एकाकडूनच आले, तर माणूस नुसता ‘वाहक’, बहुधा निरोगी.

इतके घातक जनुक टिकले कसे? १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसेमियाच्या संदर्भात हिवतापाकडे बोट दाखवले. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले.) १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवले, की सिकलसेलच्या वाहकांना फॅल्सिपेरम हिवतापापासून संरक्षण मिळते. पुढे १९५८ साली दोन निबंध आले. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली, तर फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी पश्चिम आफ्रिकेविषयी मांडले, की जंगल तोडून शेती आली, साचलेल्या पाण्यावर डास वाढले, हिवताप पसरला आणि त्यापाठोपाठ हे जनुकही.

तलाव, बांध्या आणि जंगलातले ओढे यांच्या या जिल्ह्यात ही मांडणी वाचताना तलाव बांधणाऱ्यांनाच कारण ठरवण्याचा मोह होतो. तो आवरावा. हे तलाव काही शतकांचे. जनुक हजारो वर्षांचे. भारतातील त्याचा प्रकार ‘अरब-भारतीय’ म्हणून वेगळा ओळखला जातो. तो येथेच स्वतंत्रपणे उद्भवला, असे दीर्घकाळ मानले गेले. २०१८ च्या एका अभ्यासाने मात्र सर्वच प्रकारांचे मूळ सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत असल्याचा युक्तिवाद केला आहे.

आपण परजीवी आणि ‘पोशिंदा’ असे शब्द योजतो. पोशिंदा या शब्दात औदार्य आहे. येथे मात्र दोन्ही बाजूंनी झुंजच आहे. गांबिया आणि केनियातील रुग्णांच्या अभ्यासातून २०२१ च्या अखेरीस पुढे आले, की हिवतापाच्या जंतूच्या काही वाणांच्या जनुकांत असे बदल आहेत, ज्यांच्यापुढे सिकलसेलचे संरक्षण फारसे चालत नाही. माणसाच्या रक्ताने कवच घडवले, आणि जंतूने ते भेदण्याची वाट शोधली.

या झुंजीची किंमत मात्र घरोघरी मोजली जाते. ‘त्यांच्या रक्तातच दोष’ हा शेरा एखाद्या जातीवर मारला जातो, वाहक मुलीचे लग्न मोडते. हा मला इतिहासाच्या अज्ञानाचा सर्वांत क्रूर प्रकार वाटतो. वाहक असणे हा रोग नव्हे, आणि जे एकेकाळी मुलांना तापातून वाचवत होते ते कलंक कसे ठरेल? प्रश्न दोन वाहकांच्या विवाहाचा आहे : तेथे प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी अपत्याची असते. लग्ने जातीतच होत राहिली, की असे दोन वाहक भेटण्याचा संभव वाढतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने २०४७ ही मुदत ठरवली असून, तपासणीनंतर हाती येणारे कार्ड विवाहापूर्वी ताडून पाहावे, अशी त्यात अपेक्षा आहे. हे ताडणे दोन्ही पक्षांचे हवे, एकट्या मुलीचे नव्हे.