बावची, प्रकाश आणि हृदयाची वाट

मागच्या व्याख्यानानंतर एकानं विचारलं होतं: वैद्यकात एखादी कल्पना मागे पडली, म्हणजे ती चुकीची होती का? उत्तर घरातल्या आठवणीपासून सुरू करतो.

1994 साली थोरल्या भावाला आम्ही जालन्याहून मुंबईला नेलं. अँजिओप्लास्टी झाली, दादा चालत घरी आला. पाचव्या महिन्यात छातीत पुन्हा तीच कळ. यात डॉक्टरांची चूक नव्हती. 1977 साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हापासूनची ही अडचण. फुग्यानं वाहिनीच्या भिंतीला जखम होते. ती भरताना स्नायूपेशी वाढतात आणि वाट पुन्हा बुजते. शंभरातल्या तीस-चाळीस जणांच्या बाबतीत सहा महिन्यांत असं होई. बरं होणं हाच आजार, बघा!

यावर एक उपाय प्रकाशाचा निघाला. त्यामागचं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. बांधावर तणासारखी उगवणारी बावची तुम्ही पाहिली असेल. पांढऱ्या डागांवर तिचं बी लावून उन्हात बसवण्याची आयुर्वेदातली रीत जुनी. बी आणि ऊन एकत्र आलं तरच गुण. बावचीच्या शास्त्रीय नावावरूनच ‘सोरालेन’ हे द्रव्याचं नाव आलं. 1993 साली अमेरिकी संशोधकांनी त्याच कुळातलं द्रव्य आणि अतिनील किरण वापरून वाहिनीच्या स्नायूपेशींची वाढ प्रयोगशाळेत रोखून दाखवली. पुढे मोटेक्साफिन ल्युटेशियम हे दुसरं द्रव्य शिरेतून देऊन, पायाच्या रोगट वाहिनीत बारीक तंतूनं लाल प्रकाश सोडला गेला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या चाचणीत रुग्णांना हा उपचार सोसला.

मग तो मागे का पडला? 2002-03 मध्ये औषध लावलेला स्टेंट बाजारात आला. जाळी वाट उघडी धरते, औषध पेशींची वाढ रोखतं. काम एका बैठकीत. प्रकाशाला मात्र आदल्या दिवशी औषध, मग तंतू, आणि नंतर उन्हापासून जपणं. आपल्या शेतकऱ्याला वैशाखात हे सांगून बघा!

अर्थात स्टेंट आला म्हणून तो जालन्यातल्या माणसाला परवडला असं नाही. किमती लाखाच्या वर जात. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारनं कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली, तेव्हा कुठे हायसं वाटलं.

म्हणून माझं उत्तर असं: कल्पना खरी असणं एक, ती माणसाच्या दिवसात आणि खिशात बसणं दुसरं. प्रकाश हरला तो दुसऱ्या परीक्षेत. आणि दादा? प्रकाश प्रयोगशाळेतच होता, औषधी स्टेंट यायचा होता. त्याला बायपास करावं लागलं.