नेमलेला पाठ

श्रीगोंदा हे शेख महंमदांचे गाव. जन्माने मुसलमान असलेल्या या संताने ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत रचला. ओवी कानासाठी असते. अक्षर न येणाऱ्यापर्यंत ग्रंथ पोचतो तो कुणीतरी मोठ्याने वाचतो म्हणून. या गावात राहून रविवारच्या उपासनेतल्या शास्त्रपाठांचा विचार करताना मला तीन प्रश्न पडतात : वाचतो कोण, निवडतो कोण आणि थांबायचे कुठे?

पहिल्याचे उत्तर आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला आले. पुढे ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग मोठ्या संख्येने होते. गावातली पोथी ज्यांना लांबूनच ऐकावी लागे, त्यांची मुले मिशनच्या शाळांत शिकली आणि उपासनेत उभी राहून शास्त्र वाचू लागली. ही क्रांती लहान नव्हती.

निवडीचा प्रश्न मात्र उरला. या मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेत उतारा उपदेशक ठरवी. अँग्लिकनांकडे तो प्रार्थनापुस्तकात नेमलेला असे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले आणि दोन्ही परंपरा एका छपराखाली आल्या. तो आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे उपासनावर्षाचा पहिला दिवस होता. आदल्याच वर्षी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून, कॅथलिकांची नवी पाठसूची लागू होऊ लागली होती. तिचे चक्र तीन वर्षांचे : मत्तय, मार्क, लूक. त्याच धर्तीवर प्रॉटेस्टंट चर्चांसाठीची सामायिक सूची 1992 मध्ये आली. पाठ नेमलेला असला की उपदेशकाला आपल्या आवडत्या वचनांतच रमता येत नाही.

पण सूचीही निवडच असते. स्तोत्र 137 हा बाबेलात बंदिवान झालेल्यांचा विलाप. त्याची वचने नऊ. कॅथलिकांच्या रविवारच्या सूचीत ते सहाव्या वचनापाशी थांबते. जुलूम करणाऱ्यांच्या लेकरांना खडकावर आपटण्याची भयंकर भाषा गळते. प्रॉटेस्टंट सूचीत ते पूर्ण आहे, पण ऐच्छिक पाठ म्हणून. म्हणजे रडणे ऐकू येते, संताप येईलच असे नाही.

यावर कुणी म्हणेल, येशूनेही तेच केले. लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानात त्याच्या हाती यशयाची गुंडाळी दिली जाते. दीनांना सुवार्ता, ठेचलेल्यांना सुटका, एवढे येते. यशयात लगेच पुढे असलेला सुडाचा दिवस येत नाही. खरे आहे. पण गुंडाळी त्याच्या हातात होती, आणि पुढची ओळ त्याला माहीत होती. सूड सोडून देणे आणि सुडाची ओळ कानावरच न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेशीबाहेर राहिलेल्यांच्या नातवंडांना पुढची ओळही ऐकवावी, असे मला वाटते. कुठे थांबायचे, ते त्यांना ठरवू द्यावे.