राणीच्या जाहीरनाम्यातील माफीची कलमे : एक भाष्य

चंद्रपूरच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी १८५७ च्या उठावात उतरलेल्या बाबूराव शेडमाके यांना फाशी झाली. अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, अलाहाबादेत गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला. त्यातल्या माफीच्या ओळी चांदा (म्हणजेच चंद्रपूर) मुलखाच्या कसाला लावून पाहू. ओळींचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे.

ओळ १ : ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष सामील असल्याचे सिद्ध होईल ते वगळून सर्वांना दया.

एप्रिल १८५८ मध्ये बाबूरावांच्या बंडात चुंचगुंडीला तार खात्याचे गार्टलंड आणि हॉल मारले गेले होते. तेव्हा अकरा दिवस आधी जाहीरनामा निघाला असता तरी बाबूराव वाचले नसते. इथवर ओळ स्वतःशी सुसंगत आहे. पण ज्या अलाहाबादेत ती वाचली, तिथेच आदल्या वर्षी जूनमध्ये कर्नल नीलच्या फौजेने धड चौकशी न करता माणसे फासावर टांगली होती. त्या मृतांविषयी या कलमांत अवाक्षर नाही. एकाच बाजूची प्रेते मोजून दिलेली दया मला अपुरी वाटते. अवधच्या बेगम हजरत महल यांनी उलट जाहीरनामा काढून या वचनावर विसंबू नका, असे रयतेला बजावले, ते उगाच नव्हे.

ओळ २ : खुन्यांना जाणूनबुजून आसरा देणारे आणि बंडाचे पुढारी यांना फक्त जिवाची हमी, शिक्षा ठरवताना परिस्थिती पाहिली जाईल.

बाबूरावांचे साथीदार, अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव बस्तरात निसटले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना धरून दिले. जीव वाचला, पण जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि मालमत्ता जप्त झाली. बाबूरावांना पकडून देणाऱ्या अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंना बंडखोरांच्या मुलखातली गावे बक्षीस मिळाली. ओळ माणसाच्या शिक्षेची भाषा बोलते. व्यवहारात धनी बदलला तो जमिनीचा. त्या गावांतल्या गोंड रयतेला कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

ओळ ३ : बाकीचे हत्यारबंद घरी परतून कामाधंद्याला लागले, तर त्यांचे राणीविरुद्धचे अपराध विसरले जातील.

सगळ्यांत शहाणी ओळ हीच. हजारोंना फासावर चढवून राज्य चालत नाही, हे कॅनिंगना कळले होते. अमेरिकेतही यादवीनंतर बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षे कैदेत राहिले, पण खटला चाललाच नाही. १८६८ च्या नाताळात अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी सरसकट माफी दिली. पण त्या दयेची किंमत दुसऱ्यांनीच मोजली : तिथे मुक्त झालेले गुलाम पुन्हा जुन्या मालकांच्या तावडीत सापडले.

ओळ ४ : मुदत १ जानेवारी १८५९ पर्यंत.

जाहीरनामा वाचला जात होता त्या सुमारास तात्या टोपे नर्मदा ओलांडून मुलताईकडे उतरत होते. मुदत टळली, एप्रिलमध्ये ते पकडले गेले आणि १८ तारखेला शिवपुरीत फाशी झाली. आरोप बंडाचा आणि युद्धाचा होता, खुनाचा नव्हता. पुढाऱ्याला जिवाची हमी देणारी दुसरी ओळ त्यांना लागू करायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे. दोन महिन्यांची मुदत रानोमाळ लढणाऱ्या सेनापतीसाठी ठरवलीच नव्हती.